धरलेली जागा

"हा कोणाचा आहे?"

मिसेस हॉलग्रेननं माझा रुमाल दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचलला, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा.

"माझा आहे. खाली ठेवा," मी म्हटलं. "जागा धरलेली आहे."

"धरलेली?" तिनं खुर्चीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "इथं पाटी नाही. नाव नाही. मला बसायचंय."

"पाटी नसेल. रुमाल आहे ना?"

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी आपल्या भाषेत सांगतेय एवढंच. भांडण कुठल्याही भाषेत केलं तरी माझा सूर करमाळा स्टँडचाच लागतो, त्याला माझा इलाज नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, काय हाताला लागेल ते सीटवर टाकायचं आणि मग निवांत दारातून चढायचं, हे मी अक्षरं गिरवायच्या आधी शिकले. आमच्या अण्णांच्या गाडीत एक कायदा होता. सीटवरच्या रुमालाला कुणी हात लावायचा नाही. पैलवान असो, पुढारी असो. "अरे, रुमालामागनं माणूस येत असतो," असं म्हणून ते त्याला मागं उभा करायचे.

मिसेस हॉलग्रेन एका श्रीमंत देशाच्या वतीनं आली होती. कोणत्या ते सांगत नाही, तेव्हा ते सगळे एकाच सुरात बोलायचे. परिषद हवामानाची. बाहेर गुडघाभर बर्फ, आत हीटर इतके तापलेले की मी शाल काढून पिशवीत कोंबली होती. पहिला आठवडाभर मोठ्या सभागृहात भाषणं झाली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. पण खरा सौदा शेवटच्या दिवशी अशा एका लहान खोलीत होतो. लांबट टेबल, त्याच्याभोवती मोजक्या खुर्च्या, आणि देश त्याच्या कितीतरी पट. ज्याला खुर्ची त्याला तोंड. बाकीच्यांनी भिंतीला टेकून ऐकायचं. अध्यक्ष मसुद्याचा एकेक परिच्छेद वाचणार, "कोणाची हरकत नसेल तर" म्हणणार आणि लाकडी हातोडा टेबलावर आपटणार. एकाचीही हरकत आली तर हातोडा थांबतो, पण पडला की संपलं. सुपारी फुटल्यावर लग्न मोडत नाही, तसं.

माझ्या शेजारची ती खुर्ची होती तेवाकीची.

तेवाकी एका बेटावरनं आला होता. त्याचा देश नकाशात शोधायचा तर भिंग लागतं. आडव्या बांध्याचा, हसरा, साठीकडं झुकलेला माणूस. त्या कडाक्याच्या थंडीतही फुलाफुलांचा शर्ट आणि पायात सपाता. त्याच्या देशाचं शिष्टमंडळ म्हणजे तो एकटा. आमचं तीन बसगाड्या भरून. पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेत त्यानं मला विचारलं, तुमच्याकडं मोठ्या बहिणीला काय म्हणतात? मी सांगितलं, ताई. तेव्हापासून हा माणूस, माझ्याहून वयानं मोठा, मला ताई म्हणायला लागला. मग मीही त्याला दादा म्हणायला लागले.

त्याचा जीव मसुद्यातल्या नवव्या परिच्छेदात होता. दोनच ओळी होत्या त्या. ज्यांच्या धुरामुळं समुद्र वर चढला, त्यांनी ज्यांची जमीन समुद्रानं खाल्ली त्यांना भरून द्यावं. बास. श्रीमंत देशांना त्या दोन ओळी मसुद्यातनं काढायच्या होत्या. 'पुढील परिषदेत विचार करू' एवढं म्हणून. पुढच्या परिषदेत मग त्याच्या पुढच्या. आपल्याकडं सरकारी कचेरीत 'उद्या या' म्हणतात, तसलाच प्रकार. एकदा परिच्छेद गेला की परत आणायचा म्हणजे पुन्हा सगळ्या जगाची संमती मिळवायची. तेवाकी म्हणाला होता, "ताई, तोवर आमचं बेट पुस्तकातच राहील."

बैठक सुरू व्हायच्या जरा आधी कोणीतरी गळ्यात बिल्ला घातलेला माणूस त्याला येऊन सांगून गेला की बेटांच्या देशांची तातडीची बैठक पलीकडच्या इमारतीत आहे, तुम्ही लगेच या. तेवाकी घाईघाईनं उठला. "ताई, माझी जागा बघशील? नवव्याच्या आत येतो."

"जा बिनधास्त," मी म्हटलं आणि पिशवीतनं रुमाल काढून खुर्चीवर टाकला. अण्णांचाच होता तो, निळ्या चौकडीचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला.

आता मला एक अडचण होती. आमच्या शिष्टमंडळाचे प्रमुख खासनीस साहेब. पुण्याचे, अतिशय हुशार, आवाज कधी चढत नाही असा माणूस. त्यांना त्याच वेळी दुसऱ्या खोलीत बसायचं होतं म्हणून या खुर्चीत त्यांनी मला बसवलं होतं आणि निघताना अगदी मृदू आवाजात सांगितलं होतं, "वासंतीबाई, आपली दोन वाक्यं आपल्याला मिळाली आहेत. चौथ्या परिच्छेदात आहेत, ती नीट बघून घ्या. नवव्यावर मात्र आपण गप्प. तसं ठरलंय."

"कुणाशी ठरलंय, साहेब?"

"तसं ठरलंय," ते म्हणाले आणि गेले.

तर मिसेस हॉलग्रेन रुमाल हातात घेऊन उभी, आणि मी तिच्यासमोर उभी.

"अध्यक्ष महाराज," ती म्हणाली, "रिकाम्या खुर्च्या अडवून ठेवायची पद्धत इथं आहे का?"

अध्यक्ष म्हातारे, सभ्य, दमलेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, हे काय आहे?"

मला दुसरं काही सुचलं नाही. मी एसटीचा कायदा सांगितला. अगदी गंभीर चेहऱ्यानं, जणू कुठल्या कराराचं कलम वाचतेय असा. आमच्या देशात गाडीत जागा कशी धरतात, रुमाल कुणी उचलला तर काय होतं, कंडक्टर कुणाच्या बाजूनं निकाल देतो. टेबलाच्या पलीकडनं कोणीतरी नाकातल्या नाकात हसलं. माझे कान तापले.

मग आफ्रिकेतल्या एका देशाच्या ओबुयाबाई बोलल्या. धिप्पाड बाई, डोक्याला पिवळं फडकं. "आमच्याकडं पाण्याच्या रांगेत दगड ठेवतात," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीचा दगड वेगळा. बाई घरी जाऊन मुलाला पाजून येते, पण तिच्या दगडाला कुणी हात लावत नाही. तो रुमाल खाली ठेवा, बाई."

भिंतीला टेकलेला एक किडकिडीत माणूस म्हणाला, "आमच्याकडं टोपी." दुसरा म्हणाला, "आमच्याकडं चप्पल. एकच ठेवायची, म्हणजे चोरीला जात नाही." त्यावर खोलीतला निम्मा भाग खदखदून हसला. आणि माझ्या लक्षात आलं, हसणारे सगळे आमच्यातलेच होते. ज्यांनी आयुष्यात कधी रांग लावली नाही त्यांना कळेना की यात हसण्यासारखं काय आहे.

मिसेस हॉलग्रेननं रुमाल खुर्चीवर टाकला आणि पलीकडं जाऊन कोणाच्या तरी शेजारी अंग चोरून बसली. मी रुमालाची घडी सरळ केली.

पण परिच्छेद काही तेवाकीसाठी थांबणार नव्हते. पहिला झाला, दुसरा झाला. चौथ्यात आमची दोन वाक्यं होती, ती मी डोळ्यात तेल घालून वाचली. हातोडा. मी दाराकडं बघत होते. तेवाकी नाही. सहाव्यावर मी उगाच एक शंका काढली, सातव्यावर ओबुयाबाईंनी काढली आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. आठव्यालाही तेवाकी नाही. तेवढ्यात दार उघडलं, मी आशेनं वळले, तर खासनीस साहेब. ते येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहिले.

"परिच्छेद नऊ," अध्यक्ष म्हणाले. "हा वगळावा आणि पुढील परिषदेत विचार व्हावा, अशी सूचना आहे. कोणाची हरकत नसेल तर..."

हातोडा वर गेला.

"या खुर्चीची हरकत आहे," मी म्हटलं.

"मॅडम, खुर्चीत कुणी नाही."

"येतोय तो. रुमालामागनं माणूस येत असतो."

"गैरहजर देशाची हरकत मला नोंदवता येत नाही." ते खरोखरच दिलगीर वाटले. "तुमच्या देशाची हरकत आहे का?"

मागनं खासनीस साहेबांचा हात माझ्या खांद्यावर आला. हलकेच, पण मला कळलं. मी ओबुयाबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. त्यांच्या मागंही कुणीतरी उभं होतं. तेव्हा समजलं की गप्प बसायची किंमत फक्त आम्हालाच मिळालेली नाही. खोलीभर वाटलीय.

खरं सांगते, मला भीती वाटली. नोकरी होती, घराचे हप्ते होते. पण त्याहून जास्त राग आला. गरिबांच्या तोंडावर हात ठेवायला गरिबांचाच हात लावलाय, याचा संताप आला.

"आहे," मी म्हटलं. "आमच्या देशाची हरकत आहे."

हातोडा तसाच हवेत राहिला. मग अध्यक्षांनी तो हळूच खाली ठेवला आणि थोडा वेळ बैठक थांबवली.

बाहेरच्या बोळात खासनीस साहेब मला खिडकीपाशी घेऊन गेले. आवाज तेव्हाही चढला नाही त्यांचा.

"काय करून बसलात, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"नाही कळत. त्या दोन वाक्यांसाठी मी वर्षभर घासाघीस केलीय. आपल्या खेड्यांत अजून वीज जायचीय, वासंतीबाई. ती कशी करायची हे आपण ठरवू, दुसऱ्या कुणी सांगायचं नाही, एवढंच त्या वाक्यांत आहे. आणि हातोडा पडला असला तरी ते लोक चौथा पुन्हा उघडून ती वाक्यं काढून घेऊ शकतात. आता, या घटकेला. त्या तेवाकीच्या अख्ख्या देशात जेवढी माणसं नाहीत तेवढी आपल्या एका तालुक्यात आहेत."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच माझ्या जिवाला जास्त लागलं.

"साहेब, माणसं मोजून जर ठरणार असेल कुणी बुडायचं, तर उद्या आपल्या किनाऱ्यावरचं गावही कुणीतरी असंच मोजेल. आणि तेव्हा बोलायला कोण येणार? आज आपण गप्प बसलो ना?"

"आत गेल्यावर हरकत मागं घ्या. गैरसमज झाला म्हणा. मी सांभाळून घेतो."

"मी नाही घेणार."

"मग मी घेईन."

तेवढ्यात बोळाच्या टोकाकडनं सपातांचा फटक फटक आवाज आला. तेवाकी पळत येत होता. शर्ट घामानं चिकटलेला, सपातांना बर्फ लागलेला, छाती भात्यासारखी हलतेय.

"ताई! झाला का नववा?"

"नाही. कुठं होतास तू?"

"तिथं कुणीच नव्हतं." तो भिंतीला हात टेकून दम घेत होता. "मोठी खोली. पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या, माझ्या देशाची पाटी पण होती. मी एकटा. तो बिल्लेवाला म्हणाला, बाकीचे येताहेत, बसून राहा. मी बसून राहिलो, ताई. मला वाटलं, येतील."

पाटी पण ठेवली होती. मी खासनीस साहेबांकडं वळले. ते चष्मा काढून पुसत होते.

"साहेब, तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत होतं असं नाही," ते म्हणाले. काच पुन्हा पुसली. "कानावर आलं होतं."

त्यावर मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. अण्णांच्या गाडीत कुणी तसं बोललं असतं तर त्यांनी त्याला वाटेत उतरवलं असतं. तेवाकीला मराठी येत नव्हती, पण त्यानं भुवया वर केल्या.

घंटा वाजली. आत गेलो तर आमच्या देशाच्या खुर्चीत खासनीस साहेब स्वतः जाऊन बसले. मला भिंतीशी उभं राहावं लागलं, त्या टोपीवाल्या किडकिडीत माणसाच्या शेजारी. त्यानं सरकून मला जागा दिली.

"मघाशी नोंदवलेली हरकत कायम आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

खासनीस साहेबांनी माइक जवळ घेतला. "आमच्या सदस्यांचा गैरसमज झाला होता. आमच्या देशाची हरकत नाही."

मिसेस हॉलग्रेननं कागद गोळा करायला सुरुवात केली. मी भिंतीवर पाठ घट्ट दाबून धरली, नाहीतर मी पुढं गेले असते. अध्यक्षांनी हातोडा उचलला.

"कोणाची हरकत नसेल तर..."

"माझी आहे."

तेवाकी माझ्या रुमालाच्या खुर्चीत बसला होता. रुमाल त्याच्या मुठीत होता, त्यानंच तो कपाळ पुसत होता. त्याला बसताना कुणी पाहिलंच नव्हतं. सगळे खासनीसांकडं बघत होते ना.

"आपण बोलणार आहात?" अध्यक्ष म्हणाले.

"फार नाही." तेवाकीनं भाषणाचा कागद काढला नाही. जाताना घाईत तो कागद त्यानं माझ्याकडं दिला होता आणि माझ्या पिशवीतच राहिला होता, ते मला नंतर आठवलं. "माझ्या आईला आम्ही दोनदा पुरलं. पहिल्यांदा ती मेली तेव्हा. दुसऱ्यांदा समुद्र तिच्यापर्यंत आला तेव्हा, जरा उंचावर. आता उंच जागा राहिलेली नाही. मला मघाशी एका रिकाम्या खोलीत बसवून ठेवलं होतं. पाणी छान होतं तिथलं, आभारी आहे. पण माझी हरकत आहे. आज आहे, उद्या आहे. हातोडा कितीही वेळा उचला."

मग ओबुयाबाईंच्या मागं उभ्या असलेल्या माणसानं खाली वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. ओबुयाबाईंनी त्याचा चेहरा हातानं बाजूला केला, अगदी माशी वारावी तसा.

"आमचीही हरकत आहे," त्या म्हणाल्या.

"आमचीही." हा टोपीवाला. त्याला खुर्ची नव्हती. अध्यक्षांनी त्याला खुर्ची नाही हे सांगितलं नाही. मग चपलेवाला. मग भिंतीकडनं एकेक आवाज. मी बोलू शकत नव्हते, माझा देश बोलून बसला होता. मी फक्त टाळ्या वाजवल्या, त्या खोलीत टाळ्या वाजवायच्या नसतात तरी. खासनीस साहेब समोरच्या कागदाकडं बघत राहिले.

हातोडा टेबलावर ठेवला गेला. आवाज झाला नाही.

नववा परिच्छेद राहिला. आमची दोन वाक्यंही राहिली, कुणी काढली नाहीत. धमकी पोकळ होती. मला दुसऱ्या दिवशीच्या विमानानं घरी पाठवलं आणि मग एका सरकारी ग्रंथालयाच्या देखरेखीवर बसवलं ते निवृत्तीपर्यंत. परत कुठल्या परिषदेला गेले नाही. त्या दोन ओळींचे पैसे पुढं कुणाला किती मिळाले, ते वेगळं रडगाणं आहे. खासनीस साहेब पुढं खूप मोठे झाले. अजून कुठल्या लग्नात भेटले की म्हणतात, "काय रुमालवाल्या बाई!" मी म्हणते, "काय साहेब, नवीन काय आलं कानावर?"

रुमाल तेवाकीकडंच राहिला. मागायचा राहून गेला.

परवा त्याच्या मुलीचा फोन आला. लोसा तिचं नाव. त्यांच्या बेटावरची सगळी घरं रिकामी केली. सगळ्यांना एका मोठ्या देशात नेलं, चौथ्या मजल्यावर घर दिलंय, खिडकीतनं दुसरी इमारत दिसते. तेवाकी आता म्हातारा झालाय, पण खुटखुटीत आहे, दिवसभर लिफ्टला शिव्या देतो म्हणे.

"बाबा शेवटच्या होडीत चढायलाच तयार नव्हते," ती सांगत होती. "आम्ही सगळे बसलो, होडीवाला ओरडतोय, आणि हे परत घराकडं चालले. पाणी अंगणात होतं. यांनी खिशातनं तुमचा तो निळा रुमाल काढला, दाराच्या उंबऱ्यावर पसरला आणि वर एक दगड ठेवला. मग आले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, ताईला फोन कर आणि सांग."

"काय सांग म्हणाला?"

"जागा धरून ठेवलीय म्हणावं."

लोसाला वाटलं फोन कटला.

"आहे, आहे मी," मी म्हटलं. "बाबाला म्हणावं, चांगलं केलंस. आता बघू कोण हात लावतंय त्याला."